डाव्या चाकाला ताप

ताप आहे का ते बघताना आई कपाळाला तळहात लावत नाही, हाताची मागची बाजू लावते. तिथली कातडी पातळ असते, तिला ऊब लवकर कळते, असं तिचं म्हणणं. जाईने आत्ता तसाच हात उलटा करून ट्रॉलीच्या (जीपच्या मागे जोडून ओढायच्या गाड्याच्या) चाकाजवळ नेला. आधी उजव्या टायरजवळ. कोमट. तव्यावरून उतरवून थोडा वेळ झालेल्या भाकरीसारखा. मग वळसा घालून ती डाव्या बाजूला आली आणि टायरपासून वीतभर अंतरावरच तिने हात झटकन मागे घेतला.

डावं चाक तापाने फणफणलं होतं.

रस्ता तोच, ओझं तेच, वेगही तोच. दोन्ही टायर एकाच दिवशी आणलेले. मग एकालाच ताप का?

त्यातून डाव्या चाकाबद्दल जाईला अशी एक गोष्ट माहीत होती, जी तिथे दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती. त्या गोष्टीप्रमाणे खरं तर डावं चाक जास्त थंड असायला हवं होतं. म्हणून तिला कोडं पडलं होतं, आणि ते कुणाला विचारताही येत नव्हतं.

ती गोष्ट अशी.

जाई दहा वर्षांची. पाचदरे नावाच्या पठारावरच्या गावात ती, तिची आई आणि आईचे वडील, म्हणजे नाना, असे राहत. आई गावात घरोघरी फिरणारी आरोग्यसेविका होती. नानांनी सगळं आयुष्य एका प्रयोगशाळेत रबर ताणण्यात, पिळण्यात आणि तोडण्यात घालवलं होतं. "मी घरी काही मोडलं की माझी आई ओरडायची," ते सांगत, "आणि तिथे मोडलं की पगार मिळायचा." निवृत्त झाल्यावर त्यांनी मधमाश्या पाळल्या. सातेरी जातीच्या, शांत, कामसू माश्यांच्या चोवीस लाकडी पेट्या.

तेविसांना पांढरा रंग होता. चोविसावी पिवळी, आणि ती जाईची. शाळेच्या मैदानात बास्केटबॉलच्या फळीखाली एक दिवस माश्यांचा झुबका येऊन लटकला, तेव्हा मोठी मुलं धूर करायला निघाली होती. जाई फळीखाली जाऊन उभी राहिली आणि नाना येईपर्यंत हललीच नाही. नानांनी तो झुबका अलगद पेटीत उतरवला. तेव्हापासून शाळेतून आल्यावर जाई आधी पिवळ्या पेटीला कान लावायची आणि मग हातपाय धुवायची.

पठारावरचा फुलोरा संपत आला की माश्यांना फुलांकडे न्यावं लागतं. खाली रुईमाळला सूर्यफुलं उमलली होती. तिथल्या शेतकऱ्यांनाही माश्या हव्याच होत्या, कारण माश्या फुलाफुलांवर फिरल्या की दाणे भरतात. पण प्रवासात पेट्यांची दारं जाळीने बंद असतात. बंद पेटी उन्हात तापली तर आतलं मेण मऊ पडतं, पोळी कोसळतात आणि माश्या गुदमरून मरतात. म्हणून नियम एकच होता, ऊन चढायच्या आत पोचायचं.

पहाटे ट्रॉली तयार होती. नाना चहा घ्यायला आत गेले. तेव्हा जाईला शाळेच्या गाडीच्या महादूकाकांचं बोलणं आठवलं. "उन्हाळ्यात हवा जरा कमीच ठेवायची बघ. तापली की फुगती, आणि टायर फुटतोय!" महादूकाका हे इतक्या खात्रीने सांगायचे, की त्यात शंका घ्यायला जागाच नसे. जाईच्या डोळ्यांपुढे फुटलेला टायर आला आणि कलंडलेली पिवळी पेटी आली. ती ट्रॉलीच्या डाव्या चाकाशी बसली, हवा भरायच्या तोंडाची टोपी काढली आणि आतली खीळ काडीने दाबली. फुस्स. बरीच हवा गेली. ती उजव्या चाकाकडे वळणार, तोच दार वाजलं. टोपी लावून ती उठून उभी राहिली.

सांगावंसं वाटलं तिला. पण मग वाटलं, आत्ता नको. खाली सुखरूप पोचल्यावर सांगू. सगळे म्हणतील, अरे वा, जाईमुळे वाचलो!

इथेच घोटाळा झाला. कारण निघण्याआधी नानांच्या घरी एक रीत होती. तिला ते पुकारा म्हणत. गाडीला ज्याने जे केलं असेल, ते त्याने मोठ्याने सांगायचं. दुसऱ्याने केलंच असेल असं धरून चालायचं नाही.

"जोड?" नानांनी पुकारलं.

"बसला. वर ओढून पाहिला, सुटत नाही," आई म्हणाली. "खीळही घातली."

"साखळ्या?"

"मी!" जाई म्हणाली. "दोन्ही लावल्या. जोडाच्या खालून फुलीसारख्या."

"फुली कशाला? शोभेला?"

"जोड सुटलाच तर ट्रॉलीचं नाक रस्त्यात रुतणार नाही. साखळ्यांच्या झोळीत पडेल."

"शाब्बास. दिवे?"

"दिवे लागतात," जीपच्या पुढच्या काचेमागून बारीक, खरखरीत आवाज आला. "नोंद घ्यावी, मागचा डावा दिवा धुळीने माखला होता. तो मी पुसला. पायाने."

हा मुंगळा. नानांनी बनवलेला यंत्रमानव. तळहाताएवढा काळा, सहा पायांचा, डोक्यावर दिवा. टायरवर चढून तो त्याची झीज मोजायचा, चिरा शोधायचा आणि डोळ्याने उष्णता पाहायचा. बाकी वेळ तो स्वतःचं कौतुक करायचा.

"हवा?"

"काल संध्याकाळी, टायर थंड असताना तपासली. ट्रॉलीच्या दोन्ही चाकांत चाळीस. जेवढी कंपनीने लिहिली आहे तेवढीच. नोंद घ्यावी, मी चुकत नाही."

"बरं बाबा, नाही चुकत. आणखी कुणी काही केलं?"

जाईने ओठ मिटून घेतले. आणि ते निघाले.

जीप दोन्हींवर चालणारी होती. बॅटरीवर, आणि मक्याच्या ताटांपासून केलेल्या इथेनॉलवर (गाडीत जाळायच्या स्पिरिटवर). आई गाडी चालवत होती आणि तिने इथेनॉलचं बटण दाबलेलं होतं. बॅटरी तिने रात्रभर लावून काठोकाठ भरली होती आणि ती जपून ठेवायची होती. "खाली शेतात पंपाला आणि पंख्याला लागेल," ती म्हणाली. नाना काहीतरी बोलणार होते, पण तेवढ्यात मुंगळा काचेवर उलटा चढून ओरडला, "शेपूट! ट्रॉली शेपूट हलवतेय!"

खरंच. मागची ट्रॉली डावीकडे झुकायची, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. जीपही तिच्याबरोबर डुलायला लागली. आईचा पाय ब्रेककडे गेला.

"ब्रेक नको," नाना शांतपणे म्हणाले. "वेगही वाढवू नकोस. पाय नुसता हळूच वर घे. स्टिअरिंग सरळ धर, तिच्याशी भांडू नकोस."

आईने तसंच केलं. वेग कमी झाला तशी ट्रॉली डुलायची थांबली. पुढे जांभळीचं मोठं झाड होतं. त्याच्या सावलीत त्यांनी गाडी घेतली, आणि सगळे खाली उतरले. आता तुम्हाला कळलं, की सुरुवातीला जाई चाकापाशी का उभी होती.

नानांनी आधी जोड पाहिला. ठीक होता. मग ओझं पाहिलं.

"ट्रॉली शेपूट हलवते ती बहुतेक वेळा मागे जास्त वजन ठेवल्याने," ते म्हणाले. "सामान आधी उतरवायचं म्हणून लोक जड वस्तू मागे ठेवतात, आणि तिथेच फसतात. निम्म्याहून थोडं जास्त वजन चाकांच्या पुढे हवं. पण आपला पाण्याचा पिंप तर पुढेच आहे. मग काय झालं असेल?"

जाईचा उलटा हात अजून हवेतच होता.

"मालक, डावा टायर ऐंशी अंश! उजवा पंचेचाळीस!" मुंगळ्याने जाहीर केलं. "नोंद घ्यावी, जाईबाईंनी हे माझ्या आधी शोधलं. मला ते आवडलेलं नाही."

आई वाकून बघायला लागली. "अगं बाई! फुटला असता की हा. नाना, आतली हवा तापून फुगली असणार. थोडी सोडून देते." तिने जमिनीवरची एक काडी उचलली.

अगदी तशीच काडी. जाईने पहाटे उचलली होती तशीच.

ते पाहिलं आणि जाईच्या डोक्यात सगळं गरागरा फिरायला लागलं. उन्हामुळे तापला असेल का? ऊन डावीकडूनच येत होतं. ती धावत जीपच्या डाव्या चाकाशी गेली. तोच सूर्य त्याच्यावरही पडत होता. उलटा हात जवळ नेला. कोमट. म्हणजे ऊन नाही. रस्ता नाही. ओझंही दोन्ही बाजूंना सारखं. मग दोन चाकांत फरक कोणता उरला? एकच. तिने केलेला.

आई टोपी फिरवत होती.

"आई, नको!" जाई किंचाळलीच. "हवा सोडू नको! मी... मी आधीच सोडलीये."

आईचे हात थांबले. पेट्यांमधली गुणगुण तेवढी ऐकू येत होती.

"केव्हा?" आईने विचारलं.

"पहाटे. फक्त डाव्या चाकाची. नाना आले म्हणून उजवी राहिली. टायर फुटू नये म्हणून सोडली. आणि पुकाऱ्यात मी बोलले नाही." तिने चाकाकडे बोट दाखवलं. "पण मग तो थंड राहायला हवा होता ना? हवा कमी केली तर हा जास्त कसा तापला?"

आई काही बोलणार होती. नानांनी हात वर केला. ते खाली, मुरमावर मांडी घालून बसले आणि जाईला शेजारी बसायला सांगितलं.

"रागवायचं ते मी नंतर रागवीन," ते म्हणाले. "पण तुझा प्रश्न फार चांगला आहे, तो थंड होऊ द्यायचा नाही. एका चाकात हवा कमी, एकात पुरेशी, बाकी सगळं सारखं. प्रयोगशाळेत असा प्रयोग मांडायला आम्हाला आठवडा लागला असता. तू नकळत मांडलास. आता उत्तरही तूच शोध."

त्यांनी ट्रॉलीच्या फळीला गुंडाळलेल्या जाड तारेचा एक तुकडा सोडवून तिच्या हातात दिला.

"ही एकाच जागी वाकव. पुन्हा सरळ कर. पुन्हा वाकव. भराभर."

जाई वाकवत राहिली. दहा वेळा, पंधरा वेळा.

"आता वाकवलेल्या जागी बोट टेकव. हळू!"

"आई गं! तापलीये!"

"तू तिला उन्हात ठेवलंस? चुलीवर धरलंस?"

"नाही. नुसतं वाकवलं."

"मग ऊब आली कुठून?"

जाईने आपल्या दुखऱ्या अंगठ्यांकडे पाहिलं. "मी जोर लावला त्यातून?"

"हां! जोर लावलास म्हणजे ऊर्जा (काम करायची ताकद) खर्च केलीस. ती गेली कुठे? ऊर्जा नाहीशी कधीच होत नाही. ती फक्त घर बदलते. तुझ्या हातातून निघाली, तारेत गेली, आणि उष्णता होऊन बसली. आता टायरकडे बघ. जमिनीला टेकतो तिथे कसा दिसतो?"

"चपटा. पोट सुटल्यासारखा."

"आणि वरच्या बाजूला?"

"गोल."

"म्हणजे चाक फिरताना टायरचा प्रत्येक भाग खाली आला की चपटा होतो, वर गेला की पुन्हा गोल. वाकला, सरळ झाला. वाकला, सरळ झाला. एका किलोमीटरमध्ये जवळजवळ पाचशे वेळा."

जाईचे डोळे मोठे झाले. "तारेसारखं!"

"तारेसारखं. रबर लवचीक असतं, वाकून पुन्हा मूळ आकारात येतं. पण वाकवताना आपण जेवढी ऊर्जा देतो, तेवढी सगळी ते परत देत नाही. थोडी ठेवून घेतं."

"आणि ठेवलेली उष्णता होते." जाई उठून उभीच राहिली. "हवा कमी असली की पोट जास्त सुटणार. म्हणजे तो जास्त वाकणार. म्हणजे जास्त तापणार! नाना, मी... मी हवा काढून त्याला थंड नाही केलं. मीच ताप आणला. आणि चाक मऊ पडलं म्हणून शेपूटही हललं."

"आणि मी तो वाढवणार होते," आई काडी टाकून देत म्हणाली. "पण नाना, तापली की हवा फुगते हे तर खरंच ना?"

"खरं आहे. पण टायर बनवणाऱ्याला ते ठाऊक असतं. थंड टायरमध्ये किती हवा भरायची ते त्याने त्या फुगण्याचा हिशेब करूनच लिहिलेलं असतं. म्हणून हवा बघायची ती सकाळी, गाडी निघायच्या आधी. तापलेल्या टायरची हवा काढायची नाही. तुला कुणी सांगितलं होतं गं, कमी करायची म्हणून?"

"महादूकाकांनी," आई आणि जाई एकदमच म्हणाल्या.

"तुलाही?" जाईने विचारलं.

"मग! मी लहान असताना तेच तर चालवायचे शाळेची गाडी."

नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. जाईलाही हसू आलं, पण ते टिकलं नाही. पेट्यांमधली गुणगुण बदलली होती. मघाशी ती झोपेतल्या घोरण्यासारखी होती, आता तिला धार आली होती. जाईने पिवळ्या पेटीला कान लावला.

"त्या पंख हलवतायत, नाना. पेटी गार करायला. पण दार बंद आहे, हवा येतेय कुठून?"

जांभळीची सावली आखडत चालली होती.

"टायर निवेपर्यंत हलता येणार नाही," नाना म्हणाले. "त्यावर गार पाणी ओतायचं नाही. आपोआप निवू द्यायचा, मग बाजू तपासायची. कमी हवेवर पळाला की टायर कडेला आतून फाटू शकतो. फाटला असेल तर चाक बदलावं लागेल, म्हणजे सगळ्या पेट्या खाली उतरवाव्या लागतील."

 पेट्या उतरवून पुन्हा चढवायच्या म्हणजे दुपार होणार, आणि दुपार म्हणजे काय, हे जाईला कळत होतं. बास्केटबॉलच्या फळीखाली तिने जेवढ्या माश्या वाचवल्या होत्या, त्या सगळ्या त्या पिवळ्या पेटीत होत्या.

"पंखा!" ती एकदम म्हणाली. "शेतातल्या पंपाबरोबर मोठा पंखा आणलाय ना? तो जीपच्या बॅटरीवर लावू. आणि गोणपाटं ओली करून पेट्यांवर टाकू."

"बॅटरी रिकामी होईल," आई म्हणाली.

"होऊ दे," नाना पटकन म्हणाले. "ती भरलेली आहे हेच मला मघापासून खुपतंय."

ते का, हे विचारायला आईला वेळ नव्हता. तिघं कामाला लागले. पिंपातल्या पाण्यात गोणपाटं भिजवली, पेट्यांवर पसरली, पंखा लावला. ओल्या कापडातून गार वारा पेट्यांच्या जाळ्यांवर गेला. जाई पिवळ्या पेटीला कान लावून बसली. बऱ्याच वेळाने ती धार बोथट झाली. पुन्हा घोरणं सुरू झालं.

मुंगळा तोवर टायरवरून चालत होता. बाहेरून एक फेरी झाली. मग चाकाच्या मागच्या अंगाने दुसरी. सगळे त्याच्याकडे श्वास रोखून बघत होते, आणि त्याला ते फारच आवडत होतं.

"बोल की रे!" जाई ओरडली.

"फुगवटा नाही. चीर नाही. कड शाबूत," तो म्हणाला. "नोंद घ्यावी, अजून थोडा पळाला असता तर मला वेगळं बोलावं लागलं असतं. रुईमाळला पोचू. पण तिथे हे चाक काढून आतून तपासायचं. आतलं मला दिसत नाही. हे मी सहसा कबूल करत नाही."

चाक कोमट झाल्यावर नानांनी जीपमधल्या छोट्या पंपाची नळी जाईच्या हातात दिली. आकडा सव्वीसवरून चढत गेला. तीस. पस्तीस. चाळीसवर तिने नळी काढली आणि टोपी घट्ट फिरवली.

"पुकारा!" नाना म्हणाले. "जोड?" "साखळ्या?" सगळं पुन्हा झालं. "हवा?"

"डाव्या चाकाची मी सोडली होती," जाई मोठ्याने म्हणाली. एवढ्या मोठ्याने की जांभळीवरची साळुंकी उडाली. "आणि मीच भरली. चाळीस."

"आणखी कुणी काही केलं?"

"मी," आई म्हणाली. "रात्री बॅटरी काठोकाठ भरली. त्यात काय चुकलं, ते मला अजून कळलेलं नाही."

"आता पुढे काय आहे, जाई?"

"करवंदी घाट. सगळा उतार."

"मागे एवढं ओझं. उतारावर ते आपल्याला ढकलणार. त्याला धरणार कोण?"

"ब्रेक."

"ब्रेक म्हणजे चाकाला घट्ट घासणाऱ्या पट्ट्या. धावण्याची ऊर्जा त्या घासून घासून..." नाना थांबले.

"उष्णता करतात!" जाई म्हणाली. "म्हणजे घाटभर ब्रेक दाबत बसलं तर ब्रेकलाच ताप येणार."

"आणि फार तापलेला ब्रेक धरेनासा होतो. पण आपल्या जीपची मोटर उलट कामही करते. उतारावर चाकंच मोटर फिरवतात, मोटर वीज बनवते, आणि ते करताना गाडीला मागे ओढून धरते. मग ती वीज जाणार कुठे?"

"बॅटरीत." आणि मग जाईच्या लक्षात आलं. "पण बॅटरी तर भरलेली होती! भरलेल्या हंड्यात आणखी पाणी कसं मावेल?"

आईने कपाळाला हात लावला. "म्हणजे मी घराघरात सांगत फिरते, पोट भरून निघा... आणि घाटाच्या डोक्यावरून निघताना थोडं पोट रिकामं हवं."

"खालून वर चढायचं असेल तेव्हा बॅटरी भरून घे," नाना म्हणाले. "इंधन कोणतं चांगलं, असं नुसतं विचारून चालत नाही. पुढचा रस्ता कसा आहे तेही विचारायचं. पंख्याने थोडी जागा केलीच आहे. घाट येईपर्यंत आता बॅटरीवरच चल."

इथेनॉलचं बटण बंद झालं. जीप आवाज न करता निघाली. ट्रॉली मागे सरळ येत होती. मुंगळा मागच्या काचेला चिकटून तिच्यावर नजर ठेवून होता आणि अधूनमधून निराश आवाजात सांगत होता, "शेपूट हलत नाही. अजूनही नाही."

घाटात आईने वेग पहिल्यापासूनच कमी ठेवला. समोरच्या काट्याकडे बघणं जाईचं काम होतं. गाडी खाली उतरत होती आणि बॅटरी हळूहळू भरत होती. चोवीस पेट्या, पिंप, पंखा, चार प्रवासी, मुंगळाही धरून, या सगळ्यांचं वजन डोंगर उतरत होतं आणि त्याची वीज होत होती. आईने ब्रेकवर पाय ठेवला तो फक्त वळणांवर.

"डोंगरच आपल्याला बॅटरी भरून देतोय," जाई हळूच म्हणाली.

"डोंगर फुकट काही देत नाही," नाना म्हणाले. "ही ट्रॉली कुणीतरी कधीतरी वर चढवली होती. ती ऊर्जा आज परत मिळतेय. थोडी. थोडी तरी."

रुईमाळच्या शेतात पोचले तेव्हा सावल्या आखूड झाल्या होत्या, पण पायाखाली अजून आल्या नव्हत्या. बांधावरच्या लिंबाखाली पेट्या मांडल्या. नानांनी एकेक जाळी काढली. पांढऱ्या पेट्यांमधून माश्या भुर्रकन निघाल्या, गोल फिरून नवी जागा डोळ्यांत साठवायला लागल्या. पिवळी पेटी नानांनी शेवटी ठेवली होती.

"तू काढ."

जाईने जाळी काढली. दारात कुणीच नव्हतं. ती गुडघ्यांवर बसली. एक श्वास. आणखी एक. तिने मागे वळून नानांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिला रडू आलं असतं.

मग दाराच्या फटीतून एक मिशी दिसली. दुसरी. एक माशी बाहेर येऊन उंबऱ्यावर थांबली, पुढच्या पायांनी तिने डोळे पुसले, आणि सूर्यफुलांकडे झेपावली. तिच्यामागून एवढ्या माश्या आल्या की जाईला मोजता येईनात, आणि मोजायचं कारणही उरलं नव्हतं.

दुपारी डावं चाक काढून आतूनही तपासलं. ते शाबूत निघालं. लिंबाखाली भाकरी खाताना जाईने विचारलं, "नाना, वाकूनही तापणार नाही असं रबर करता येईल? जेवढी ऊर्जा दिली तेवढी सगळी परत देणारं?"

"सगळी नाही देता येणार. पण माझ्या वेळच्या रबरापेक्षा आजचं जास्त परत देतं. उद्याचं आणखी देईल. कुणीतरी बसून ते ताणायला, पिळायला आणि तोडायला हवं."

"मोडल्यावर पगार मिळतो ना?"

"मिळतो."

"आणि मुंगळ्याला रोज निघायच्या आधी सकाळी हवा बघायला सांगू या. संध्याकाळी बघितलेल्यावर विसंबायचं नाही."

"नोंद घेतली," मुंगळा म्हणाला. पहिल्यांदाच तो 'नोंद घ्यावी' असं म्हणाला नाही. "मध्यंतरी कुणी काड्या घेऊन फिरतं, हे मला माहीत नव्हतं."

"मुंगळ्या!"

"बरं, बरं."

परतीच्या वाटेवर ट्रॉली रिकामी होती. पहिल्या थांब्याला आई पाणी प्यायला उतरली, तेव्हा जाई न सांगता मागे गेली. हात उलटा करून तिने तो उजव्या चाकाजवळ नेला. मग डाव्या. मग पुन्हा उजव्या.

"काय गं?" आईने विचारलं.

"दोन्ही सारखे," जाई म्हणाली. "ताप उतरला."

आई जवळ आली. तिने आपला हात उलटा केला आणि चाकाला न लावता जाईच्या कपाळाला लावला. उन्हाने तापलं होतं थोडं. बाकी ठीक होतं.